मिठामागे पाणी जाते

आमच्या लहानपणी चाळीत कुणाला ढाळ-वांत्या लागल्या की मोठी माणसे सांगत, "पाणी तोडा. प्यायले तेवढे बाहेर पडेल." आमची धाकटी बहीण अशीच पाण्यावाचून गेली. आईने शाळा पाहिली नव्हती. चार जणांनी सांगितले ते तिने केले. तिला दोष कसा द्यावा? पुढे आम्ही भावंडे शिकलो, तेव्हा या पाण्याचा हिशेब आम्हाला कळला. तो घरोघरी कळावा म्हणून हे लिहीत आहोत.

चिरलेल्या काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. उलट, सुक्या मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. जिवंत शरीर ज्या बारीक पेशींचे बनलेले असते, त्यांच्या पडद्यातून पाणी मीठ-साखर जास्त असेल तिकडे ओढले जाते. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात.

पटकीचे जंतू घाण पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. ते आतडे कुरतडत नाहीत, तिथे राहून विष सोडतात. हे विष पाणी कसे ओतायला लावते, ते कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकतात आणि क्षारांमागे पाणी जाते. जोराच्या पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. माणूस दगावतो तो या पाण्यावाचून.

पण तेव्हाही एक दार उघडे असते. साखर आणि मीठ एकत्र आले की पेशी दोन्ही आत घेतात व त्यांच्यामागे पाणीही आत येते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचे पाणी नातेवाईकांच्या हातून रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले.

म्हणून माता-भगिनींनो, घरात ओ.आर.एस.ची पुडी ठेवा. नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. अंदाजाने टाकू नका. साखर-मीठ जास्त झाले तर तेच अंगातले पाणी आतड्यात ओढते. तान्ह्याचे अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, तर ताबडतोब दवाखाना गाठा. आणि पीत असेल तर वाटेतही चमच्या-चमच्याने पाजत राहा.