नगरकराचा जंजिरा

आम्हा नगरकरांचा समुद्राशी संबंध सुकटीच्या वासापुरता. तरी राजपुरीहून शिडाच्या होडीत बसल्यावर जंजिरा परका वाटेना. हा कोट निजामशाहीतला, म्हणजे आमच्याच गावच्या तख्ताचा. अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही. आत शिरताना भिंतीवर हत्तींना पंजांत, शेपटीत जखडून धरणारा वाघ कोरलेला. पलीकडे कासा बेटावर शिवरायांचा पद्मदुर्ग. संभाजीराजांनी १६८२ मध्ये दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत सेतू बांधायला घेतला. मोगल चालून आल्यावर तो अर्धवट राहिला.

निजामशाही १६३६ मध्ये बुडाली. तिचे जंजिऱ्यावरचे सरदार सिद्दी मात्र आदिलशाही, मग मोगल असे धनी बदलत १९४८ पर्यंत टिकले. नगरचा भुईकोट काय कमी बेलाग होता? पण तख्त गेलं, आणि चाकराचं राज्य आरमाराच्या जोरावर तरलं.