जवळची लेन्स



आमचे सगळे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. मराठी शिकलो ती घरी, आईकडून. तेव्हा या लेखात मध्येच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

शाळेतले काही शिक्षक आणि काही पालक, असा आम्हा फोटोच्या हौशी मंडळींचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी पहाटे राजवाड्यापाशी जमायचे, फोटो काढायचे आणि पोहे-जिलबी खाऊन घरी जायचे, एवढाच कार्यक्रम. वाद मात्र भरपूर! विज्ञानाच्या सरांचा पक्ष ५० मिलिमीटरच्या लेन्सचा. ते म्हणतात, "हिला झूम नाही, आपले पाय हाच झूम." त्यावर गणिताच्या बाई, "सर, तुमचे पाय नेमके जिलबीच्या कढईकडेच झूम होतात!" आम्ही ७०-३०० च्या लेन्सवाले. तिचा आकार पाहून आम्हाला सगळे 'तोफखाना' म्हणतात. पोह्यांवर आधी शेव की आधी फोटो, याचा तर अजून निकाल लागलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही रात्री सराफ्यात गेलो. दिवसा तिथे सोन्या-चांदीचा बाजार, आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की खाण्याची दुकाने. समोरच्या ओट्यावर उभे राहून, गर्दीच्या डोक्यांवरून, आम्ही गराडू तळणाऱ्या एका माणसाचा फोटो टिपला. वाफ, घाम, पिवळा दिवा, सगळे जमून आले होते. गटाने वाहवा केली. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात तो मोठा करून लावला. खाली लिहिले, 'श्रम'.

दुसऱ्या दिवशी सातवीतला एक मुलगा त्या फोटोसमोर पुन्हा पुन्हा येऊन उभा राहताना दिसला. विचारले तेव्हा हळूच म्हणाला, "सर, ये मेरे पापा हैं।" आम्ही कौतुकाने काही बोलणार, तोच तो पुढे म्हणाला, "पापा फोटो खिंचवाते हैं तो पहले बाल बनाते हैं।"

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. ज्या माणसाला आम्ही विचारलेही नव्हते, त्याला भिंतीवर टांगले होते. त्याच्या मुलाला मात्र शंभर जणांसमोर ते पाहावे लागत होते. फोटो त्याच दुपारी उतरवला.

त्या रात्री कॅमेरा न घेता सराफ्यात गेलो आणि माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "अरे सर, इतनी दूर से? पास आते तो खिलाता भी।" आणि लिंबू-जीरावन घातलेल्या गरम गराडूचा द्रोण हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

पुढच्या वेळी आम्ही विज्ञानाच्या सरांची ५० ची लेन्स मागून नेली. तिला दोन पावलांवर जावे लागते, आणि इतक्या जवळ गेल्यावर बोलावेच लागते. त्यांनी हात पुसले, केस विंचरले, ताठ उभे राहिले. गटाच्या मते फोटो साधाच आला. तो त्यांच्या परवानगीने लावला आहे. खालची ओळ मुलाने स्वतः लिहिली आहे, 'मेरे पापा'.

आता शाळेत नियम केला आहे, कॅमेरा असो वा मोबाइल, आधी विचारायचे, मग फोटो. तो सर्वांत आधी आम्हाला लागू.

सरांनी विचारले, "मग तोफखाना विकायचा का?" म्हटले, नाही, सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांसाठी ठेवू. त्यांना केस विंचरायचे नसतात.