कर्ता कोण?

मुलांना व्याकरण शिकवताना मी एक गोष्ट पुन्हापुन्हा घोकून घेतो. वाक्य हाती आले की आधी क्रियापद गाठा आणि त्याला विचारा, ‘हे करणारा कोण?’ जे उत्तर येईल तो कर्ता. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. जगातल्या मोठ्या वादांना भिडायला माझ्यापाशी फारशी हत्यारे नाहीत. पण हे एक आहे, आणि ते शाळेबाहेरही उपयोगी पडते. माणसे भांडू लागली की पहिली गफलत होते ती कर्त्याचीच.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या लोकांनी इस्राएलात शिरून सुमारे 1,200 माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसे ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे युद्ध पेटले त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, 50,000हून अधिक पॅलेस्टिनी प्राणांस मुकले. त्यांत बायकामुले पुष्कळ. त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र उघडले की दोन वाक्ये हटकून ऐकू येत. एक, ‘इस्राएल सरकारने अन्नपाण्याची वाट अडवली, हे वाईट केले.’ दुसरे, ‘ज्यू लोक असलेच!’ बोलणाऱ्याला ही दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची वाटत. एक वाक्य संपवून तो दुसऱ्यावर इतक्या सहज उतरे, की मध्ये पायरी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

पायरी आहे, आणि ती चांगली उंच आहे. पहिल्या वाक्याचा कर्ता एक सरकार आहे. ते निवडणुकीने आले आहे आणि निवडणुकीने जाऊ शकते. त्याच्या कृत्याला तारीख आहे, पुरावा मागता येतो, उलट बाजू मांडता येते. धोरण बदलले तर टीकाकाराला आपले वाक्य मागेही घेता येते. दुसऱ्या वाक्यात मात्र क्रियापदच नाही. तिथे कोणी काही केलेले नाही. ते लोक नुसते ‘आहेत’. त्यांनी काय केले म्हणजे हे वाक्य मागे घेतले जाईल? काहीही केले तरी नाही. टीका कृत्याला धरते, द्वेष जन्माला धरतो. टीका कठोर असेल, एकांगी असेल, चुकीचीही असेल. तेवढ्याने ती द्वेष होत नाही. आणि द्वेष कितीही मृदू आवाजात बोलला तरी त्याची टीका होत नाही.

आम्हा रायगड जिल्ह्यातल्या लोकांना हा वाद दूरच्या वाळवंटातला म्हणून सोडून देता येत नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल मंडळी सांगतात. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, केहीमकर ही त्यांची आडनावे आमच्याच गावांची. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली उभे राहिले; त्याला तेच ‘मशीद’ म्हणत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पुढे बहुतेक घरे इस्राएलला गेली. अलिबागेत इस्राएल आळी हे नाव उरले आणि थोडी माणसे उरली.

त्या थोड्यांतले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. वय ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना आबा म्हणतात. सकाळी मासळी बाजारात येतात, खवल्यांची मासळी तेवढी घेतात, कोळंबी-चिंबोऱ्यांकडे ढुंकून पाहत नाहीत. युद्ध ऐन भरात असताना एका तरुणाने त्यांना भर बाजारात हटकले, ‘‘काय आबा, तुमच्या लोकांनी काय चालवलंय हे?’’

आबा म्हणाले, ‘‘माझ्या लोकांनी? माझे लोक इथं मासळी घेतायत. बघ की!’’

सगळे हसले. आबाही हसले आणि पिशवी सावरून चालू लागले.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेलेली; तिच्या शेजारचा एक मुलगा 7 ऑक्टोबरला मारला गेला होता. त्याच्याविषयी बोलताना आबांचा आवाज दाटला. आणि मग तिथल्या सरकारविषयी ते जे बोलू लागले, ते ऐकून मी थक्क झालो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत इतके सडेतोड कोणी बोलले नव्हते. ‘‘उपाशी पोरं मारून कसलं रक्षण होतं?’’ असे ते दोनदा म्हणाले.

मी विचारले, ‘‘आबा, मग हे सकाळी का नाही बोललात?’’

‘‘मास्तर, बाजारात बोललो असतो तर ते माझं मत झालं नसतं,’’ ते म्हणाले. ‘‘तो माफीनामा झाला असता. आणि मी काय केलंय म्हणून माफी मागू?’’

त्या उत्तराने माझ्या मनातला गुंता पुष्कळसा सुटला. जातीच्या नावाने जाब विचारला की पहिला बळी टीकेचाच पडतो. ज्याला खरोखर बोलायचे असते, ज्याचे बोलणे ऐकण्याजोगे असते, त्याचेच तोंड बंद होते. आम्हा मराठी माणसांना हे नवे नाही. 1948 साली गांधीजींचा खून झाला तेव्हा खुनी एक होता, कट करणारे मूठभर होते. पण सातारा-कोल्हापूरकडे घरे जळली ती त्या जातीतल्या भलत्याच माणसांची. त्यांतल्या कितीजणांना त्या खुनाचा मनापासून संताप आला असेल! पण जळत्या घरासमोर उभे राहून तो बोलून दाखवायचा कसा?

याची दुसरी बाजूही आहे. गावातल्या वाचनालयात एक सद्गृहस्थ मोठ्या ठामपणे सांगतात, की इस्राएलविरुद्ध अवाक्षर काढणारा तो ज्यूद्वेष्टा. त्यांचा न्याय लावला तर आबाच ज्यूद्वेष्टे ठरतात. एडविन माँटेग्यूही ठरतो. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे हे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. हा माँटेग्यू ज्यू होता. 1917 साली, बाल्फोरचे घोषणापत्र निघण्याआधी, पॅलेस्टाइनात ज्यूंचे राष्ट्रीय घर वसवण्याच्या बेताला ब्रिटिश मंत्रिमंडळातून विरोध केला तो त्यानेच. असे घर झाले की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना परके मानू लागेल, ही त्याची भीती होती. पुढे हिटलरने 60 लाख ज्यूंची कत्तल केली आणि आपले म्हणून एक राष्ट्र हवेच, हे असंख्य ज्यूंना पटले. माँटेग्यूचे चुकले असेल वा बरोबर असेल. त्याला स्वतःच्या समाजाचा वैरी मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

आणि खुद्द आमचे कोकणकर? इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयीच 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी शंका घेतली आणि त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करावी असा दंडक घातला. तेव्हा या माणसांनी 1964 साली यरुशलेममध्ये ठिय्या दिला. अखेर त्यांचा प्रश्न तिथल्या संसदेत गेला, ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे सरकारने जाहीर केले आणि दंडकाचे शब्द बदलावे लागले. पुढे 1982 साली बैरुतमधल्या साब्रा आणि शातिला या वस्त्यांत इस्राएलच्या मित्रसैनिकांनी निर्वासितांची कत्तल केली, तेव्हा तेल अवीवचे रस्ते इस्राएली नागरिकांनीच भरून गेले. तिथल्याच चौकशी आयोगाच्या अहवालामुळे 1983 साली एरिएल शारोन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. आपल्या सरकारला जाब विचारणे हा जर द्वेष असेल, तर या देशात स्वतःचे द्वेष्टे फारच झाले म्हणायचे!

अशा रीतीने शब्द स्वस्त केला की खरा द्वेष आला तरी ओळखू येत नाही. आणि तो येतो. ज्यू मंडळी जगावर राज्य करण्याचा गुप्त कट करीत आहेत असे सांगणारी कागदपत्रे 1903 साली रशियात छापली गेली. ती बनावट आहेत हे लंडनच्या टाइम्सने 1921 साली उघड केले. तरी ‘बँका त्यांच्या, वर्तमानपत्रे त्यांची’ हे पालुपद अजून चालूच आहे. तिथे ‘इस्राएल’ हा शब्द नुसता बुरखा असतो. मुंबईत 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री नरिमन हाउसमध्ये शिरलेल्यांनी तिथल्या सहाजणांना मारले. त्या सरकारविषयी तुमचे मत काय, असे मारण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. ते कोण आहेत एवढे मारणाऱ्यांना पुरेसे होते.

गाझात मेलेल्या मुलाविषयी बोलायचे तर मोठ्याने बोलावे, कृत्य सांगावे, करणाऱ्याचे नाव घ्यावे. 7 ऑक्टोबरला मेलेल्या मुलाविषयीही तसेच बोलावे. हमासच्या कृत्याचा कर्ता अवघा पॅलेस्टिनी समाज नव्हे, हेही त्याच नियमाने येते. नियम एका बाजूला लावला आणि दुसऱ्या बाजूला विसरला, तर तो नियम नव्हे, सोय आहे. राष्ट्रे आपल्या कृत्यांचा जाब देतील किंवा देणार नाहीत. ते आपल्या हातचे नाही. पण शेजारी राहणाऱ्या माणसाला त्याचे मत हे माफीनामा न ठरता मत म्हणून बोलता यावे, एवढे तरी आपल्या बाजारात आपल्याला करता येण्यासारखे आहे.