गोट्यांची पारख

माणसाला कोणता छंद जडावा यास काही नियम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. आमचे एक स्नेही अडकित्ते जमवतात आणि पाहुण्यापुढे सुपारीच्या आधी ते मांडतात. या साऱ्यांकडे लोक आदराने पाहतात. परंतु मी काचेच्या जुन्या गोट्या जमवतो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते. "आम्ही काय इथे गोट्या खेळायला बसलो आहोत?" असे जी भाषा विचारते, त्याच भाषेच्या एका मुख्याध्यापकाने हा छंद बाळगावा, याचे काहींना नवल वाटते. वर्गात जप्त होणाऱ्या गोट्यांवरच माझा संग्रह पोसला आहे, असा विनोद आमच्या शाळेत गेली कित्येक वर्षे चालत आला आहे. तो खरा नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

मी पडलो मराठीचा विद्यार्थी. त्यामुळे माझे लक्ष प्रथम शब्दाकडे गेले. गोटा म्हणजे नदीच्या पात्रात घासून गुळगुळीत झालेला दगड, आणि गोटी हे त्याचे धाकटे रूप. गारगोटी त्याच कुळातली. मुलींच्या खेळातला सागरगोटा तर झाडाचे बी, पण नाव त्याच घराण्याचे. आपल्या भाषेतली गोटी अशी आधी दगडाची आहे, काचेची मागाहून. इतिहासाचा क्रमही हाच. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत दगडाचे आणि भाजलेल्या मातीचे लहान गोळे मिळाले आहेत. आम्ही वडोदऱ्याची माणसे. लहानपणी घरात जी गोटी असे, तीच गल्लीतल्या गुजराती मुलांत गेल्यावर लखोटी होई. जिंकल्यावर मात्र दोन्ही एकाच खिशात जात.

काचेच्या गोटीचे माहेर जर्मनीत, थुरिंजिया प्रांतातील लाउशा या गावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथील काच-कारागिरांनी एक विशेष प्रकारची कात्री तयार केली. तिच्या एका अंगाला लहानशी वाटी होती. रंगीत काचेच्या कांड्या पारदर्शक काचेत बसवून, त्यांना पीळ देत लांब दांडा ओढायचा. मग त्याचे तापलेले टोक त्या वाटीत फिरवून गोल करायचे आणि दांड्यापासून तोडायचे. अशी तोडलेली गोटी दोन्ही टोकांना किंचित खडबडीत राहते. संग्राहक या खुणेला पाँटिल म्हणतात. मी तिला बेंबी म्हणतो, कारण तीही नाळ तुटल्याचीच खूण आहे. गोटी हातची की यंत्राची, या प्रश्नाचे पहिले उत्तर या बेंबीपाशी मिळते. आत पांढऱ्या वा पिवळ्या धाग्यांची पिळदार जाळी असेल, किंवा रंगीत फितीसारखा पट्टा असेल, आणि बाहेर दोन बेंब्या असतील, तर ती गोटी भिंगाखाली धरावी.

पुढे यंत्र आले. 1905 साली अमेरिकेतील ॲक्रन येथील मार्टिन क्रिस्टेन्सेन यांना गोल गोळे घडविणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. तापलेल्या काचेचा गोळा खाचांच्या फिरत्या चाकांत गरगरत आपोआप गोल होऊ लागला, आणि बेंबी हळूहळू नाहीशी झाली. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले, जर्मन माल अमेरिकेत पोचेनासा झाला आणि तो बाजार यंत्राच्या गोटीने काबीज केला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने मांजराच्या डोळ्यासारखी गोटी जगभर पाठवली. स्वच्छ काच आणि आत रंगाची उभी पाती. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जी खुळखुळली ती याच जातीची.

आणखी एक गोटी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. इंग्रज अभियंता हायरम कॉड याने 1870 नंतरच्या दशकात गळ्यात गोटी बसवलेली सोड्याची बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर चढून तोंड बंद करते, हे त्या बाटलीचे मर्म. बाटली फुटली की मुले गोटी पळवत. हिरवट वा निळसर, नक्षीविरहित काच आणि आत एखादा बुडबुडा दिसला, की ती गोटीसोड्याची समजावी.

खंभात आमच्यापासून फार दूर नाही. रतनपूरच्या खाणींतला अकीक घासून मणी करण्याची कला तेथे शतकानुशतके चालत आली आहे. जर्मनीत ईडार-ओबरस्टाईन येथे त्याच दगडाच्या गोट्या घासल्या जात. जुन्या, हाताने घासलेल्या अकीकाच्या गोटीवर प्रकाश तिरपा पाडला, तर बारीक बारीक पैलू चमकतात. कारागिराचा हात इतक्या काळानंतरही असा ओळखू येतो, याचा मला दर वेळी आनंद होतो.

ओळख पटल्यावर किमतीचा प्रश्न येतो. जुनी म्हणजे मोलाची, हा समज प्रथम सोडावा. मातीच्या गोट्या लक्षावधींनी घडल्या. त्या जुन्या असूनही स्वस्त आहेत. किंमत ठरते ती जात, आकार आणि स्थिती यांवर. साधारण गोटी 16 मिलिमीटरच्या आसपास असते. 38 मिलिमीटरच्या वरची, हातची आणि धड असलेली गोटी क्वचित मिळते. सर्वांत कठोर कसोटी स्थितीची. एक टवका उडाला की किंमत निम्म्याहून खाली येते. दुसऱ्या गोटीचा मार बसला की काचेत चंद्रकोरीसारखी खूण उमटते. इंग्रजी बोलणारे संग्राहकही तिला चंद्रच म्हणतात. त्या चंद्राने गोटीचा भाव उतरतो.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन घरी आला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वाडा पाडताना तो माळ्यावर सापडला होता. आई म्हणाल्या, "सर, हा माझ्या सासऱ्यांच्या वेळचा. मोबाइलवर दाखवतात, एकेक गोटी लाखाला जाते म्हणे. नातीच्या कॉलेजचे पैसे भरायचे आहेत." मी पंचा अंथरला आणि डबा उपडा केला. दोनशेंच्या वर गोट्या होत्या. पाऊण तास आम्ही तिघे बसलो होतो. बहुतेक साऱ्या मांजरडोळ्याच्या, नऊ सोड्याच्या, आणि तळाशी तीन दोन बेंब्यांच्या. त्यांपैकी एकीत तांबड्या पट्ट्यांच्या आत पांढरी जाळी इतकी नेटकी होती, की माझा श्वास क्षणभर थांबला. तशी माझ्या संग्रहात नव्हती. पण तिघींवरही टवके होते. तिन्ही मिळून अडीच-तीन हजार रुपये येतील, असे मी सांगितले. आई काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "सर, मग तुम्हीच घ्या ना. तुमच्याकडे नीट राहतील."

मी नाही म्हटले. जो भाव सांगतो त्याने तीच वस्तू विकत घेऊ नये, हा नियम मी या छंदात पहिल्यापासून पाळला आहे. स्वतःच्या मुलाची उत्तरपत्रिका आपण तपासत नाही, त्यातलाच हा प्रकार. मन कितीही स्वच्छ असले तरी हव्याशा वस्तूपुढे आकडा थोडा खाली सरकतो, आणि समोरच्या भाबड्या माणसाला ते कळण्याचा मार्ग नसतो. मी त्यांना अन्य दोन संग्राहकांचे पत्ते दिले. त्यांचे भाव माझ्या आकड्याच्या जवळपासच आले. दोन गोट्या विकल्या गेल्या. तिसरी, तीच तांबड्या पट्ट्यांची, आईंनी ठेवून घेतली. तिच्यावर चंद्र सर्वांत अधिक होते. "ही ह्यांची नेमाची होती," एवढेच त्या म्हणाल्या. नातीची फी अखेर बँकेच्या कर्जातून भरली गेली.

त्या दिवसापासून बाजाराच्या कसोटीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहतो. अगदी निर्दोष गोटी म्हणजे जी कधी कुणाच्या रिंगणात उतरलीच नाही ती. तिला अधिक पैसे मिळावेत यात गैर काही नाही; कोरी वस्तू दुर्मिळ असते. परंतु भाव आणि मोल हे दोन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेवले आहेत, ते उगीच नव्हे. गोटी ओळखणे हे अभ्यासाचे काम आहे; तिचा भाव सांगणे हे सचोटीचे. अभ्यास पुस्तकातून आणि भिंगातून साधतो. सचोटीला भिंग नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असा एखादा डबा असेल. तो उघडाल तेव्हा गोट्या साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसा. चकाकी आणण्यासाठी घासू नका. घासल्याने मूळ पृष्ठभाग जातो, कधी बेंबीही जाते, आणि भाव उतरतो. एकेक गोटी खिडकीच्या उजेडात फिरवून तिची दोन्ही टोके पाहा. विकायची असेल तर किमान दोन जाणत्यांना विचारा, आणि जो लगेच पैसे काढून पुढे करील त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बोला. घरात कुणी वडीलधारे असतील, तर त्याआधी डबा त्यांच्यापुढे ठेवा आणि नेमाची कोणती ते विचारून घ्या.