आगीसाठी घडवलेले पुतळे

स्पेन देशाच्या पूर्वेला, भूमध्य समुद्राच्या काठी वालेन्सिया नावाचे मोठे शहर आहे. त्याला खेटून दक्षिणेला बेनेतूसेर हे गाव. गाव म्हणायचे, पण आपल्याकडच्या गावासारखे नव्हे. पुरता एक चौरस किलोमीटरही विस्तार नाही आणि वस्ती पंधरा हजारांच्या वर. आम्ही चौघे, नवरा-बायको आणि दोन मुले, इथे राहतो. मूळचे आम्ही कुर्ल्याच्या चाळीतले, त्यामुळे दाटीवाटीचे काही वाटले नाही. उलट खिडकीतून समोरच्या घरातले बोलणे ऐकू येते, याचे बरेच वाटले.

आमच्यापैकी एकजण शहरातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला आहे. दुसरी गावातल्याच एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला जाते. मुले शाळेत स्पॅनिश आणि वालेन्सियन अशा दोन भाषा शिकतात, घरी मराठी. दुपारचे जेवण दोनला आणि रात्रीचे साडेनऊला, हे अंगवळणी पडायला वर्ष गेले. दुपारी बरीचशी दुकाने बंद. पण सकाळी दहाच्या सुमारास गवंडी, सुतार, ड्रायव्हर हातातले काम ठेवून लांबट पावात आम्लेट नाहीतर मांस भरून अगदी निवांत बसून खातात, आणि मुकादमही त्यांच्याच टेबलावर असतो. हे पाहिले की आम्हाला मुंबईतले, उभ्या उभ्या वडापाव गिळणारे आमचे भाऊबंद आठवतात. तांदूळ मात्र घरचा वाटतो. गावापासून जवळच आल्बुफेरा नावाचे मोठे तळे आहे, त्याच्या काठाने सारी भातशेती. दाणा आखूड आणि जाड, खिचडीला उत्तम.

या भागाचा मोठा सण म्हणजे फायास. चौकाचौकात लाकूड, पुठ्ठा आणि थर्मोकोल यांचे उंच रंगीत देखावे उभे करतात. पुढाऱ्यांची टिंगल, लाचखाऊ अधिकाऱ्यांची टिंगल, कोणाचीही गय नाही. १५ मार्चला देखावे उभे राहतात आणि १९ मार्चच्या रात्री सगळे जाळून टाकतात. पूर्वी सुतार हिवाळ्यात दिवे टांगायला लाकडी खांब वापरीत आणि वसंत ऋतू आला की तो खांब भंगार लाकडासकट जाळीत, त्यातून हा सण निघाला, असे इथली मंडळी सांगतात. आमच्या गावात आणि आसपास लाकडी फर्निचरचा धंदा जुना, त्यामुळे ही गोष्ट ते अगदी आपल्या घरची म्हणून सांगतात. २०१६ साली युनेस्कोनेही या सणाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. जळणाऱ्या शेकडो देखाव्यांतून लोकांच्या मतांनी निवडलेला एखादा पुतळा तेवढा वाचवतात. वालेन्सिया शहरात हा रिवाज १९३४ पासून आहे आणि वाचलेल्या पुतळ्यांचे तिथे संग्रहालयच केले आहे.

वाचकहो, या सणामागे वर्षभराची मेहनत असते. प्रत्येक मोहल्ल्याची कमिटी, तिची तळमजल्यावरची एक खोली, दरमहा वर्गणी, लॉटरीची तिकिटे विकणे, रविवारी मोठ्या कढईत एकत्र भात रांधणे. आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीला पावती पुस्तक घेऊन फिरलेल्या माणसाला यातले काही नवे नाही. हिशेबावरून होणारी भांडणेसुद्धा तीच! मुलांसाठी वेगळा लहान देखावा असतो. आमच्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी त्यात होत्या, म्हणून आम्हीही नाव घातले.

ते २०२४ साल होते. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला पूर आला. आमच्या गावात त्या दिवशी पाऊस असा पडलाच नाही. पाणी आले ते वरच्या डोंगरांत कोसळलेल्या पावसाचे, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून. आजींचे घर तळमजल्यावर. शेजारच्या तरुणाने त्यांना खुर्चीसकट उचलले, आम्ही मागून धरले. मोबाइलवर धोक्याची सूचना वाजली रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तेव्हा आम्ही जिन्यावर होतो आणि खालचे दार पाण्यात होते. आमच्या रस्त्यावरचे एक गृहस्थ मोटार बाहेर काढायला गॅरेजात उतरले ते परत आले नाहीत. वालेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसे गेली.

पुढचे आठवडे चिखलाचे. रस्त्यात मोटारी एकमेकांवर चढलेल्या, घराघरांतले फर्निचर बाहेर ढिगाने पडलेले. शहरातून हजारो तरुण मुले-मुली झाडू, फावडी खांद्यावर टाकून पूल ओलांडून पायी आली. त्यांनी आमचा जिना धुतला, नावही सांगितले नाही.

डिसेंबरात कमिटीची बैठक भरली, रस्त्यावरच, कारण कमिटीच्या खोलीत भिंतीवर छातीएवढा चिखलाचा पट्टा आणि आत काही उरलेले नव्हते. यंदा फायास करायचे की नाही? एक बाई म्हणाल्या, लोक अजून शोकात आहेत, शोभते का? दुसऱ्या बाजूने एक शिंपीण उठली. म्हणाली, माझे यंत्र गेले, कापड गेले, सण गेला तर माझे वर्षही गेले. पुतळे करणारे, केस घालणाऱ्या, फटाके बनवणारे, बँडवाले, सगळ्यांचे पोट यावरच. आम्ही नवखे, म्हणून गप्प बसलो होतो. अध्यक्षांनी मुद्दाम आमच्याकडे वळून विचारले, तुमचे मत काय? त्या गावात आम्हाला कोणी मत विचारले ते पहिल्यांदा. करावे, पण लहान करावे, असे आम्ही म्हणालो. हात वर झाले आणि तसेच ठरले.

आता प्रश्न पेहरावाचा. या सणात मुली-बाया फुलाफुलांच्या रेशमाचा घेरदार पोशाख घालतात, केसांचे तीन अंबाडे, त्यांत धातूचे नक्षीदार कंगवे. मागावर विणलेल्या अस्सल रेशमाचा पेहराव हजारो युरोंचा, म्हणजे भारी पैठणीचीच गोष्ट. आमच्या पगारात ते कसे बसावे? आजींच्या नातीचा लहानपणचा पोशाख होता, पण तो खालच्या पेटीत, चिखलात सापडला. आजी म्हणाल्या, फेकू नका. बाथटबमध्ये थंड पाणी बदलत बदलत, मऊ ब्रशने, तीन आठवडे आम्ही तो धुतला. रंग परत आला, घेराच्या काठावर मात्र तपकिरी डाग राहिला. मुलगी आधी रुसली. मग शाळेतून येऊन म्हणाली, आई, वर्गात चौघींच्या घागऱ्याला डाग आहे.

मार्च उजाडला. शहरात पालिकेच्या चौकात १ तारखेपासून रोज दुपारी दोनला फटाके लावतात, ते पाहण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी. जमीन हादरते. कान झाकू नका, तोंड उघडे ठेवा, असा तिथल्या अनुभवी लोकांचा सल्ला. धाकट्याने दोन्ही केले. कमिटीत भोपळ्याचे तळलेले गोड वडे करतात, मध्ये भोक पाडून, आणि गरम चॉकलेटात बुडवून खातात. आम्ही शेजारी स्टोव्ह मांडून भोपळ्याचे घारगे केले. आजींनी तीन खाल्ले आणि भोक पाडायला विसरलात म्हणाल्या.

फुले वाहण्याच्या मिरवणुकीबद्दल सांगायला हवे. ही फुले मेरीमातेला वाहतात. आम्ही बौद्ध आहोत हे आम्ही कमिटीला आधीच सांगितले होते. अध्यक्ष म्हणाले, मग पोरगी मैत्रिणींबरोबर चालेल, फुले तिला हवी तिथे ठेवू दे. मुलीने लाल फुलांचा गुच्छ त्या गॅरेजच्या दाराशी ठेवला. तिथल्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी तिचा अंबाडा सारखा केला.

१९ तारखेच्या रात्री अग्निशामक दलाची माणसे पाण्याचा पाइप धरून उभी राहिली. आधी मुलांचा देखावा. त्यात यंदा रबरी बूट घातलेली, हातात झाडू घेतलेली एक पुठ्ठ्याची मुलगी होती. धाकट्याने तिला जाळू देणार नाही म्हणून हट्ट धरला. अध्यक्षांनी खूप समजावले, मग वैतागून तिच्या हातातला झाडू तेवढा काढून त्याला दिला आणि काडी ओढली. थर्मोकोलचा काळा धूर डोळ्यांत जातो, तो काही चांगला नाही, हे आम्ही दरवर्षी बोलणारच. मोठी माणसे उघड रडत होती. देखाव्यासाठी की कशासाठी, ते कोणी विचारले नाही.

घरी यायला दीड वाजला. दुसऱ्या दिवशी सहाची पाळी होती. सकाळी निघताना रस्ता धुतलेला होता, चौकात फक्त काळा डाग, आणि कमिटीचा खजिनदार दारात उभा राहून एप्रिलची वर्गणी मागत होता.