रोगाची पेरणी

शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य रोग हाकलण्यात जातं. उसावर तांबेरा दिसला, लिंबावर खैऱ्या आला, की पंप पाठीवर. हुमणी या किडीच्या बाबतीत मात्र मी उलटं काम करतो. तिच्यासाठी रोग मुद्दाम आणतो, मातीत पेरतो आणि तो टिकावा म्हणून धडपडतो.

भीमा-घोडचा काठ आणि कुकडीचा कालवा यांनी श्रीगोंद्यात ऊस वाढवला; उसामागोमाग हुमणीही वाढली. वळीव पडला की दिवेलागणीला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, बांधावरच्या बाभळी-कडुनिंबांचा पाला खातात, तिथंच जुळतात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. मादी 50-60 अंडी घालते. कोवळी अळी कुजका पालापाचोळा आणि बारीक तंतुमुळं खाऊन वाढते. मोठी झाली की उसाची मुळं फस्त करते. भाद्रपदात बेट पिवळं पडतं, ओढलं तर अख्खं हातात येतं. ते दिसल्यावर धावपळ करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

म्हणून माझं काम मृगाच्या आसपास सुरू होतं. झाडं हलवून भुंगेरे गोळा करायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे एकट्यानं करून भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरचा भुंगेरा सातबारा बघत नाही. मग मेटारायझियम बुरशी. तिची भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर गोणपाटाखाली सावलीत ठेवतो आणि ओल असताना सरीत देऊन मातीआड करतो. बुरशी खावी लागत नाही. तिचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, रुजतो, कातडी भेदून आत पसरतो. अळी सुस्तावते, मरते, आधी पांढरी आणि मग हिरवी होते.

ही वाट दाखवणारा इल्या मेचनिकॉव्ह. त्यानं 1879 मध्ये ओडेसाकडे गव्हावरच्या भुंगेऱ्यांत ही बुरशी शोधली आणि तिनंच कीड मारावी असं सुचवलं. पुढं शरीर रोगाशी कसं लढतं, या कामासाठी त्याला 1908 चं नोबेल मिळालं. रोग पसरवणं आणि रोग अडवणं, दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हातात होत्या.

किडी मारणाऱ्या सूत्रकृमींची तऱ्हा बुरशीहून वेगळी. ते अळीला हुडकत जातात, तोंडातून नाहीतर श्वासरंध्रांतून आत शिरतात आणि स्वतःच्या पोटातले जिवाणू सोडतात. दोन-तीन दिवसांत अळी विटकरी होऊन मरते. त्यांनाही ओल लागते. कोरड्या मातीत त्यांचं काही चालत नाही.

विषारी औषध टाकलं की शेतकरी मोकळा होतो. रोग पेरला की बांधला जातो. पाचट पेटवायचं नाही, सरीतच कुजवायचं. बुरशीनाशकाची आळवणी त्याच वेळी करायची नाही. आणि शेजाऱ्यानं चौथ्या दिवशी “आप्पा, मेल्या का?” विचारलं, तर “अजून नाही” म्हणायची तयारी ठेवायची. हुमणी नावालाही राहू नये, असा हट्ट या शेतीत चालत नाही. ऊस उभा राहील इतकीच ती राहावी, एवढं बघायचं.

खुरपताना सापडलेल्या अळ्या मी निवडतो. जिवंत रॉकेलच्या पाण्यात जातात. हिरव्या पडलेल्या मात्र, विरजण जपावं तशा, पिवळ्या बेटांच्या बुडाशी नेऊन पुरतो. पुढच्या पावसाळ्याचं बियाणं त्यांच्यातच असतं.