क्रॉसबीच्या मागे उभा कोरस

बिंग क्रॉसबीचं 'व्हाइट ख्रिसमस' डिसेंबरभर जगात जिथे तिथे वाजतं, पण आपण ऐकतो ते सहसा 1942 सालचं नसतं. त्या वर्षी 29 मे रोजी डेक्का कंपनीसाठी ते पहिल्यांदा मुद्रित झालं. गाणं अर्व्हिंग बर्लिनचं, वाद्यवृंद जॉन स्कॉट ट्रॉटरचा, कोरस केन डार्बीच्या गायकांचा. मूळ साच्यावरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या की साचाच झिजला. म्हणून 1947च्या मार्चमध्ये तोच गायक, तोच वाद्यवृंद आणि तेच कोरसवाले पुन्हा जमले आणि त्यांनी होता होईल तेवढं जुन्यासारखं गाणं पुन्हा मुद्रित केलं. सुरुवातीला बासऱ्या आणि चेलेस्टा ऐकू आले तर समजावं, हे दुसरं. दोन्ही मुद्रणं मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवरची आहेत.

हे सगळं मी अलीकडे शिकले. मोनो म्हणजे 'जुनं, चेपलेलं, रेडिओसारखं' एवढीच माझी समजूत होती. मी वसईची. आमच्या गावात नाताळ म्हणजे जिम रीव्हज. त्याचा 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' हा 1963चा अल्बम स्टिरिओतही निघाला होता, आणि आमच्या घरची कॅसेट त्याचीच. त्यामुळे नाताळचं गाणं दोन कानांत पसरलेलं असतं, ही सवय मला लहानपणापासून. जुन्या मोनो गाण्यांचे 'स्टिरिओ रीमिक्स' ऐकायला मिळू लागले तेव्हा मी आनंदाने हेडफोन लावला. चाळीसच्या दशकातलं एक गाणं होतं. व्हायोलिनं डाव्या कानात, कोरस उजव्या कानात, गायक मधोमध. सगळं स्वच्छ आणि रुंद. तरीही काहीतरी बिनसलं होतं, आणि काय ते मला सांगता येईना. पुन्हा ऐकलं, मूळ मोनो ऐकलं, परत रीमिक्स ऐकलं. गोंधळ वाढतच गेला.

माझा मामेभाऊ मुंबईत डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. त्याला फोन लावला.

"दादा, कोरस पुढे का आल्यासारखा वाटतो?"

"अगं, कारण तो पुढे आलाय. मोनोत रुंदी नसते, पण खोली असते. कोण जवळ, कोण लांब, हे त्यात सगळं असतं. आधी हेडफोन काढ. एकच स्पीकर समोर ठेव, आणि मोनो ऐक."

'व्हाइट ख्रिसमस' लावलं. एका स्पीकरमधून क्रॉसबी अगदी हाताच्या अंतरावर होता. कोरस त्याच्या मागे, बराच मागे, खोलीतला नाद अंगावर घेऊन. व्हायोलिनं दोघांच्या मधे कुठेतरी. डावं-उजवं काहीच नव्हतं, तरी माणसं एकामागे एक उभी असलेली कळत होती. हेडफोनमध्ये हेच मोनो डोक्याच्या मधोमध गोळा होतं, म्हणून मला ते चेपलेलं वाटत आलं होतं. ही अंतरं कुणीतरी ठरवलेली होती. मायक्रोफोनच्या किती जवळ कुणाला उभं करायचं, कुणाला मागे सरकवायचं, हाच त्या काळचा मिक्स. तो गाणं चालू असतानाच व्हायचा, नंतर बदलायला वाव नसायचा. क्रॉसबी तर मायक्रोफोनजवळ हळू गाण्याची रीत लोकप्रिय करणाऱ्यांतला. त्याचा जवळपणा हाच त्या गाण्याचा जीव आहे.

मग दोन कानांचं प्रकरण समजून घेतलं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला तो जरा मंद पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. हा फरक दोन वाहिन्यांत टिपून ठेवायचा, हे ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लमलाइन या इंजिनिअरने 1931च्या पेटंट अर्जात मांडलं होतं. दुकानात स्टिरिओ तबकड्या यायला मात्र 1958 उजाडावं लागलं. मोनो मुद्रणात हा फरक टिपलेलाच नसतो. मग तो नंतर आणतात तरी कुठून? माझा खरा गोंधळ इथे सुरू झाला, कारण 'स्टिरिओ' या एकाच लेबलखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या गेल्या आहेत.

कधी मुद्रणच वेगवेगळ्या पट्ट्यांवर झालेलं असतं. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत चाळीसच्या दशकात वाद्यवृंदासमोर अनेक मायक्रोफोन ठेवून त्यांचं मुद्रण वेगवेगळ्या फिल्मपट्ट्यांवर करत. चित्रपटगृहात ते मोनो म्हणूनच ऐकू येई, पण जिथे पट्ट्या टिकल्या तिथे आज त्यांतून खरं स्टिरिओ जुळवता येतं. कधी गायकच पुन्हा गायलेला असतो. नॅट किंग कोलने 'द ख्रिसमस साँग' 1946 आणि 1953मध्ये मोनोत गायलं. 1961मध्ये तो स्टिरिओसाठी नव्याने गायला, आणि आज रेडिओवर लागतं ते बहुधा हेच. ते मला फार आवडतं. त्यात कुणी काही ओढूनताणून रुंद केलेलं नाही. खोलीच तशी टिपलेली आहे.

त्याच 1961 साली नॅट किंग कोलच्याच कॅपिटॉल कंपनीने 'ड्युओफोनिक' नावाची पद्धत आणली. मोनो मुद्रण घ्यायचं, एका बाजूला खर्जाचे सूर जास्त, दुसऱ्या बाजूला वरचे जास्त, आणि एक बाजू किंचित मागे ठेवायची. झालं स्टिरिओ! आरसीए कंपनीनेही असंच केलं. 1957चा 'एल्विसेस ख्रिसमस अल्बम' साठच्या दशकात असा 'इलेक्ट्रॉनिक' स्टिरिओ होऊन पुन्हा निघाला, क्रमांकापुढे कंसात एक छोटा 'ई' लावून. त्या पद्धतीचं एक गाणं दादाने मला ऐकवलं. आवाज पसरलेला होता, पण गायक नेमका कुठे उभा आहे ते कळेना. मला तो प्रकार मुळीच पटला नाही. त्या लहानशा 'ई'चं मात्र मला कौतुक वाटतं. निदान तो छापलेला होता.

आता संगणक मोनो गाण्याचे तुकडे करून देतो. आयर्लंडच्या डेरी फिट्झजेराल्ड या संशोधकाने 2012मध्ये बीच बॉइजच्या काही मोनो गाण्यांचं असं स्टिरिओ करून दाखवलं. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' 2022मध्ये नव्याने मिक्स झाला, तेव्हा चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने विकसित केलेलं तंत्र एकाच ट्रॅकवर चिकटलेली वाद्यं सुटी करायला वापरलं. मेटाच्या संशोधकांचं 'डीमक्स' तर कुणालाही मोफत मिळतं. मी ते लॅपटॉपवर बसवलं आणि 1947चं 'व्हाइट ख्रिसमस' त्याला दिलं. (भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांनी संपतो, पण बर्लिन 1989मध्ये वारला आणि त्याच्या शब्दसुरांवरचा हक्क अजून आहे. म्हणून हे काम माझ्या लॅपटॉपच्या बाहेर जाणार नाही.)

चार फाइली मिळाल्या: गायन, ड्रम, बेस आणि 'उरलेलं'. ड्रमची फाइल उघडली तर तिथे ड्रम जवळजवळ नाहीतच. होती ती तबकडीची चटचट! धुळीचा आणि ओरखड्यांचा आवाज यंत्राने ठोक्यांत जमा केला होता. गायनाच्या फाइलमध्ये क्रॉसबी आणि कोरस एकमेकांना चिकटून होते, कारण यंत्राच्या लेखी दोन्ही माणसांचे आवाज. म्हणजे मला ज्या दोघांमधलं अंतर पाहायचं होतं, तेच दोघे सुटे होईनात. आणि शीळ! गाण्याच्या उत्तरार्धात क्रॉसबी शीळ घालतो. तिचा एक तुकडा गायनात गेला होता, पुढचा 'उरलेल्या'त, व्हायोलिनांबरोबर. गायन मधे आणि व्हायोलिनं डावीकडे सरकवली तेव्हा एका श्वासातली शीळ मधूनच डाव्या कानात पळाली.

मी हादरले. दादाला विचारलं, हे यंत्र इतकं हुशार आणि त्याला शीळ कळू नये?

"त्याला शिकवलंय कशावर, ते बघ," तो म्हणाला.

बघितलं. अशा यंत्रांना शिकवायला 'म्यूझडीबी' नावाचा 150 गाण्यांचा संच सर्रास वापरतात. ही अलीकडची गाणी आहेत, आणि त्यांतले गायन, ड्रम, बेस हे ट्रॅक मुळातच सुटे उपलब्ध आहेत. त्यांत 1947चा वाद्यवृंद नाही, एका मायक्रोफोनभोवतीचा कोरस नाही. आणि खोलीतला नाद कुणाच्या फाइलमध्ये जाणार? कोरस मागे आहे हे आपल्याला त्या नादावरून कळतं. यंत्र आवाज उचलतं आणि नादाचा काही भाग दुसरीकडे टाकतं. मग कोरस कोरडा होतो, आणि कोरडा आवाज कानाला जवळचा वाटतो. पहिल्या दिवशी मला जे बिनसलेलं वाटलं होतं, ते हेच असणार. डावं-उजवं मिळवताना पुढचं-मागचं गेलं होतं.

दादाने दोन चाचण्या शिकवल्या आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. केलेलं स्टिरिओ पुन्हा एकत्र करून मोनोत ऐकायचं; ते मूळ गाण्यासारखंच ऐकू आलं पाहिजे. रुंदी वाढवायला एक बाजू किंचित उशिराने सोडली असेल, तर मोनोत काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि व्हायोलिनं पोकळ होतात. दुसरी चाचणी आणखी कडक. सुट्या फाइलींची बेरीज करायची, तिची लहर उलटी करून मूळ गाण्यात मिसळायची. काही हरवलं नसेल तर पूर्ण शांतता. माझ्या बेरजेत तळाशी बारीक चिरचिर उरली, आणि त्या चिरचिरीत क्रॉसबीच्या 'स'कारांचे अवशेष होते. तेवढा क्रॉसबी माझ्या स्टिरिओत नव्हता.

त्यानंतर मी गायन आणि कोरस मधे जागच्या जागी ठेवले, खर्ज हलवला नाही, फक्त 'उरलेल्या'ला दोन्हीकडे अगदी थोडी जागा दिली, तीही शीळ येईपर्यंत. हेडफोनवर ते सुखाचं वाटतं. डोक्यात गोळा झालेलं गाणं जरा मोकळं होतं, आणि कोरस मागेच राहतो. यापुढे जाऊ नये, असं माझं मत झालं आहे.

काही गाण्यांत तर एवढंही करू नये. निर्माता फिल स्पेक्टरचा 'अ ख्रिसमस गिफ्ट फॉर यू' हा अल्बम 22 नोव्हेंबर 1963 रोजी निघाला, केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत अनेक गिटार, अनेक पियानो एकाच खोलीत तेच सूर एकत्र वाजवत, आणि तो सगळा नाद प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून परत आणला जाई. कुठली गिटार कुठे संपते हे कळू नये, हाच हेतू. रांगोळीतले रंग मिसळल्यावर ते पुन्हा वेगळे करायला बसण्यासारखं आहे हे. त्या अल्बममधली गायिका डार्लीन लव्ह त्या भिंतीसारख्या नादावर मात करून गाते, म्हणून तिचं गाणं अंगावर येतं. भिंत फोडून दोन बाजूंना ठेवली तर ती मात कशावर करणार?

या सगळ्यात एक योगायोग मला सतत आठवतो. ज्या 1947मध्ये क्रॉसबीने 'व्हाइट ख्रिसमस' मोनोत पुन्हा गायलं, त्याच वर्षी तो जॅक मलिन या इंजिनिअरच्या टेपयंत्राने भारावला, आपला रेडिओ कार्यक्रम टेपवर मुद्रित करू लागला, आणि अँपेक्स या छोट्या कंपनीत त्याने 50,000 डॉलर गुंतवले. पुढे अँपेक्सचं एक यंत्र त्याने लेस पॉल या गिटारवादकाला दिलं. लेस पॉलने त्याच्यावर आवाजावर आवाज चढवण्याचे प्रयोग केले, आणि त्याच वाटेने अनेक ट्रॅकचं मुद्रण आलं. म्हणजे क्रॉसबीला नव्या तंत्राचं वावडं नव्हतं. उलट तो त्यासाठी पैसे मोजत होता. 2019मध्ये त्याच्या जुन्या मुद्रणांतला आवाज घेऊन मागे लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा नव्याने वाजवणारा 'बिंग ॲट ख्रिसमस' निघाला. तो मी मन लावून ऐकला. त्यात नवा वाद्यवृंद आहे हे नाव वाचताच कळतं, आणि म्हणून माझी त्याच्याशी तक्रार नाही.

तक्रार आहे ती नुसतं 'स्टिरिओ' लिहून सोडून देण्याशी. सुट्या पट्ट्यांवरून केलेलं, गायक पुन्हा गायलेलं, खर्ज-तार वाटून फसवलेलं आणि यंत्राने चिरलेलं, या चारही गोष्टी ऐकणाऱ्यापुढे एकाच शब्दात येतात. हेडफोनवर ऐकणाऱ्या नव्या पिढीला तर तेच मूळ वाटणार. वाचकांना माझी विनंती एवढीच: आवडतं जुनं गाणं स्टिरिओत मिळालं तर मूळ मोनो शोधा आणि एकदा तरी एकाच स्पीकरवर ऐका. आणि रीमिक्स काढणाऱ्यांना सांगणं आहे, जरूर काढा, पण मूळ मोनो त्याच्या शेजारी ठेवा, आणि मुद्रणाचं साल व स्टिरिओ कशावरून केलं ते पाकिटावर छापा.